वाटीभर आणि पावभर: माप वेगळं, वजन वेगळं

दिवाळीच्या आधी नानखटाई बेकरीतून भाजून आणायची आमच्या गावाकडं पद्धत आहे. मैदा, पिठीसाखर, तूप घरी मळायचं, तालुक्याच्या भट्टीवर न्यायचं, भाजायचे पैसे द्यायचे आणि पत्र्याचा डबा भरून परत यायचं. मागच्या वर्षी वहिनीची नानखटाई ट्रेमध्ये पार पसरली. "पापडावानी झाली व माय," म्हणताना तिचा आवाज भरून आला होता. भट्टीवाल्याचा काही दोष नव्हता. दोष मोजण्यात होता, आणि तो इतक्या घरांत होतो की नीट सांगायलाच हवा.

कृतीत लिहिलं होतं: मैदा अर्धा किलो, पिठीसाखर पाव किलो, तूप पाव किलो. घरी काटा नाही, म्हणून वहिनीनं दोन वाट्या मैद्याला एक वाटी साखर, एक वाटी तूप असा हिशेब धरला. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण आमची वाटी 150 मिलिलिटरची आहे. तिच्यात मैदा साधारण 80 ग्रॅम बसतो, पिठीसाखरही जवळपास तेवढीच, आणि पातळ तूप मात्र 135 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 160 ग्रॅम मैद्याला 80 ग्रॅम तूप हवं होतं, तिथं दीडपटीहून जास्त पडलं. एवढ्या तुपात नानखटाई उभी राहूच शकत नाही. उलटंही होतं. वाटीची कृती किलोनं मोजली की तूप कमी पडतं आणि गोळा वळता वळता फुटतो.

माप जागा मोजतं, वजन जिन्नस मोजतं. दाणे, पीठ, पोहे यांच्यामध्ये हवा असते आणि ती प्रत्येकात वेगळी. म्हणून त्याच वाटीत साखर 125 ग्रॅमच्या घरात जाते, रवा 105 च्या आसपास राहतो आणि पातळ पोहे तर वजनाला नावालाच. पूर्व विदर्भातल्या धानवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पायली म्हणजे धान्य मोजायचं भांडं. एक पायली धान आणि एक पायली तांदूळ हातात घेतले की कळतं. टरफलामुळं आणि दाण्यांमधल्या पोकळीमुळं धान कितीतरी हलकं भरतं.

या घोटाळ्याला आपल्याकडं शब्दाचीही जोड आहे. शेर हा मापाचाही होता आणि वजनाचाही. वजनाचा पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. त्याचा पावशेर 233 ग्रॅम आणि छटाक 58 ग्रॅम. मापी शेर म्हणजे भांडं, त्यात काय भरलं त्यावर वजन ठरणार. 1956 च्या कायद्यानंतर, 1 ऑक्टोबर 1958 पासून किलोची वजनं यायला लागली, पण तोंडातला पावशेर गेला नाही. तो आता 250 ग्रॅमचा झाला एवढंच. म्हणून आजीच्या वहीत "शेरभर कणीक" दिसलं तर आधी घरातल्या जुन्या माणसाला विचारा, मापाचा की काट्याचा? आणि पायली तर गावागणिक वेगळी असते. पायलीच्या रोडग्यांना किती माणसं जेवतील, हे ज्याच्या घरची पायली त्यालाच ठाऊक.

पिठाचं सगळ्यात अवघड. गिरणीवरून आलेलं गरम पीठ भुसभुशीत असतं. तेच दोन दिवस डब्यात राहिलं, डबा दोन-चार वेळा हलला, की खाली बसतं. चमच्यानं अलगद भरलेला 240 मिलिलिटरचा कप मैद्याचा 120 ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर 150 पर्यंत जातो. कप तोच, हात तोच, आणि केक दगड होतो.

पाण्याचं सोपं आहे, 1 मिलिलिटर म्हणजे 1 ग्रॅम. दूध किंचित जड, लिटरमागं सुमारे 1.03 किलो. तेल हलकं, लिटरमागं 910 ग्रॅमच्या आसपास. तेलाच्या पुड्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात, एकदा वाचून बघा. "लिटरभर" आणि "किलोभर" तेलात जवळपास 90 ग्रॅमचा फरक पडतो.

मग सगळं काट्यावरच तोलायचं का? माझ्या मते नाही. भाताला पाणी वाटीनंच घ्यावं, भाकरीच्या पिठात ते हातानंच कळतं. चमचाभर सोड्यालाही माप बरं. घरगुती काटा 1 ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही आणि सोडा लागतो जेमतेम काही ग्रॅम, तिथं 5 मिलिलिटरचा सपाट चमचाच खरा. पण भट्टीत जाणारं काहीही, बिस्किटं, केक, नानखटाई, ते वजनानंच करावं. भाजी चुकली तर मीठ-पाणी घालून सावरता येते. ट्रे आत गेल्यावर काही करता येत नाही.

काटा नसेल तर किराणा दुकानात एकदा दहा मिनिटं मागून घ्या. रोजच्या वापरातली एकच वाटी न्या. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. येईल तो आकडा तुमच्या वाटीचे मिलिलिटर. मग ती पुसून कोरडी करा आणि मैदा, रवा, साखर, बेसन, तूप एकेक भरून तोला. पीठ दाबू नका, वरून सुरीची पाठ फिरवून सपाट करा. पुढच्या वेळीही तसंच भरा, नाहीतर आकडा खोटा पडेल.

वहिनीनं हे आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. गुळाच्या पुढं तिनं "किसून" असं लिहिलंय, कारण खड्यांची वाटी दर वेळी वेगळी भरली. तिळाची ओळ अजून कोरी आहे, ती संक्रांतीला भरायची आहे.