पडद्यावरचा नीलम, खिडकीतून गेलेला नीलम

१९५४च्या ‘स्टार ऑफ इंडिया’ या चित्रपटाची गोष्ट दोन ओळींत मावते. पाच वर्षं हिंदुस्थानात काढून एक फ्रेंच उमराव घरी परततो, तर त्याची जहागीर एका डच विधवेच्या हाती गेलेली. ती परत हवी असेल, तर गव्हर्नर नारबोनकडचा नीलम आणून दे, अशी तिची अट. पुढे तलवारींचा खणखणाट.

तो मात्र खोटा नव्हता. नायक कॉर्नेल वाइल्ड मुळात तलवारबाज. १९३६च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकी संघापर्यंत पोचलेला, पण नाटकात काम मिळालं आणि त्यानं संघ सोडला. १९४०मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये तो टिबल्ट झाला, शिवाय सहकलाकारांना तलवारही शिकवली. विधवेची भूमिका करणारी जीन वॉलेस ही त्याची खरी बायको. दिग्दर्शक आर्थर ल्युबिन मात्र त्या काळी ओळखला जायचा तो बोलत्या खेचराच्या विनोदी चित्रपटांसाठी!

गोष्ट चौदाव्या लुईच्या काळात बेतलेली आहे, आणि ती निवड अगदीच हवेतली नाही. हिंदुस्थानात पुन्हापुन्हा येणाऱ्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं याच लुईला एक मोठा निळा हिरा विकला होता. १६७३मध्ये राजानं तो नव्यानं कापून घेतला, आणि १७९२मध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो चोरीला गेला. आपल्याकडचं उदाहरण हवं तर त्र्यंबकेश्वरचा ‘नासक’ हिरा घ्या. १८१८मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून तो कंपनीच्या ताब्यात गेला आणि लंडनला विकला गेला. पुढे वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनं तो तलवारीच्या मुठीत बसवला. सुमारे ९० कॅरटचा तो हिरा कापून कापून १९४०मध्ये ४३ कॅरटवर आला. देवस्थानाच्या हिऱ्याची ही गत कुठल्याही पटकथेपेक्षा मला जास्त बोचते.

चित्रपटाच्या नावाचा खरा नीलमही आहे. ५६३ कॅरटचा, सुपारीहून मोठा, आत सहा किरणांचा तारा. जे. पी. मॉर्गननं तो न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला दिला. नाव ‘इंडिया’ असलं तरी खडा श्रीलंकेचा.

चित्रपटानंतर दहा वर्षांनी, २९ ऑक्टोबर १९६४च्या रात्री, तो खरोखरच चोरीला गेला. जॅक मर्फी आणि त्याचे साथीदार खिडकीतून रत्नदालनात शिरले. तलवार नाही, पहारेकऱ्यांशी झुंज नाही. नीलमाच्या कपाटाला धोक्याची घंटा होती, पण तिची बॅटरी केव्हाच संपलेली. चोर दोनच दिवसांत पकडले गेले. नीलम मात्र १९६५च्या जानेवारीत सापडला, मायामीच्या एका बसस्थानकावर, सामान ठेवायच्या लॉकरमध्ये.