क्वाड्रॅट सॅम्पलिंग: चौकट टाकून जैवविविधता मोजणं

क्वाड्रॅट म्हणजे साधी चौकोनी चौकट. बहुतेकदा १ मीटर बाय १ मीटरची, पीव्हीसी पाइपची नाहीतर चार खिळे आणि सुतळीची. ती जमिनीवर ठेवायची, आत कुठल्या वनस्पती किती आहेत ते मोजून लिहायचं आणि पुढच्या जागी जायचं. आख्खं माळरान मोजणं कुणाला शक्य नाही, म्हणून थोड्या जागा नीट मोजून सगळ्याचा अंदाज बांधायचा, यालाच सॅम्पलिंग म्हणतात. शितावरून भाताची परीक्षाच ही, फक्त माळरान काही भातासारखं सगळीकडे एकसारखं शिजलेलं नसतं, त्यामुळे एका शितावर भागत नाही.

१८९८ च्या सुमारास अमेरिकेत नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही पद्धत शिस्तीत वापरली. नुसतं नजरेनं बघून कुठली वनस्पती जास्त आणि कुठली कमी हे सांगता येईल असं वाटत होतं, पण जागा आखून एकेक झाड मोजल्यावर नजर किती फसवते ते कळलं. (पाउंड पुढे मोठे कायदेपंडित झाले.)

आपल्याकडे ही पद्धत समजून घ्यायला साताऱ्याजवळच्या कास पठारासारखी जागा नाही. साधारण १२०० मीटर उंचीवरचा हा जांभ्याचा सडा, म्हणजे जांभा दगडाचं उघडं सपाट पठार, २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. लोकं इथे फुलांचे गालिचे बघायला येतात, पण मोजायला बसलं की गालिचा एकसंध नाहीच हे दिसतं. उघड्या कातळावर नुसतं शेवाळ आणि दगडफूल, हातभर पुढे बोटभर माती आणि पाझरतं पाणी तिथे सीतेची आसवं आणि गेंद, डबक्यात वायतुरा, जरा खोल माती आली की तेरडा, सोनकी आणि उंच गवत. चौकट पाच पावलं सरकवली की यादीच बदलते. म्हणून आधी कातळ, ओली उथळ माती, डबकी, खोल माती असे भाग पाडून घ्यायचे आणि प्रत्येक भागात वेगवेगळ्या चौकटी टाकायच्या.

चौकट कुठे टाकायची हे आपण ठरवायचं नाही. माणूस नकळत फुलांकडेच जातो. चौकट मागे भिरकावून देणं हाही खरा उपाय नाही, कारण उभं कुठे राहायचं ते आपणच ठरवलेलं असतं. नकाशावर किंवा काटकोनात अंथरलेल्या दोन मोजटेपांच्या आधारे, चिठ्ठी उचलावी तसे न निवडता आकडे काढायचे आणि तो आकडा ज्या ओसाड कोपऱ्यात नेईल तिथेच बसायचं. त्या चौकटीत काहीच नसलं तरी शून्य लिहायचं, ते शून्य गाळलं की पुढचा सगळा हिशोब फुगतो.

चौकटीच्या कडेवरच उगवलेल्या रोपाचं काय? नियम सोपा आहे, दोन लगतच्या बाजूंवरची धरायची आणि उरलेल्या दोन बाजूंवरची सोडायची, आणि पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत हाच नियम पाळायचा. गेंदाची रोपं मोजता येतात, पण गवताचं एक झाड कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही. मग सुतळीनं चौकटीचे १० सेंटिमीटरचे १०० चौकोन पाडतात आणि गवतानं भरलेले चौकोन मोजतात, एक चौकोन म्हणजे एक टक्का.

आकडे आले की निर्देशांक काढतात, म्हणजे विविधता किती ते एका आकड्यात सांगतात. नुसती प्रजातींची संख्या पुरत नाही. समजा दोन चौकटींत प्रत्येकी १०० रोपं आणि ५ प्रजाती आहेत, पण पहिलीत प्रत्येकीची २० रोपं, आणि दुसरीत एकीचीच ९६ आणि बाकी चौघींचं एकेक. सिम्पसनच्या १९४९ च्या निर्देशांकानं, म्हणजे प्रत्येक प्रजातीच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज १ मधून वजा केली, तर पहिलीला ०.८ मिळतात आणि दुसरीला जेमतेम ०.०८. दोन्हीकडे प्रजाती पाचच, पण दुसरीकडे एकीनं सगळी जागा बळकावलीय. शॅननचा निर्देशांकही खूप वापरतात, त्यात विरळ प्रजातींना जरा जास्त वजन मिळतं.

किती चौकटी पुरे? प्रत्येक नव्या चौकटीनंतर एकूण प्रजातींचा आलेख काढत जायचा, सुरुवातीला तो भराभर चढतो, मग सपाट व्हायला लागतो. चढतोय तोवर काम संपलेलं नाही. आणि एका फेरीत तर ते संपतच नाही: तोच चौकोन मेमध्ये तापलेला दगड असतो, सप्टेंबरमध्ये फुलांनी भरलेला आणि जानेवारीत वाळकं गवत. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते, नुसती फुलं मोजणाऱ्याला मधली सहा वर्षं ती दिसणारच नाही. त्यामुळे कुठल्याही जैवविविधतेच्या आकड्यासोबत जागा, महिना, चौकटींची संख्या आणि माप लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याची दुसऱ्या कशाशी तुलना करू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

हलणाऱ्या जीवांना चौकट चालत नाही. पक्षी-फुलपाखरांसाठी ठरलेल्या रेषेवरून ठरलेल्या वेगानं चालतात, मुंग्या-भुंगेऱ्यांसाठी प्लास्टिकचा ग्लास, काठ जमिनीच्या पातळीत येईल असा पुरतात, पतंगांना रात्री पांढऱ्या पडद्यावर दिवा लावतात. काही प्राण्यांना खूण करून सोडतात: आधी ४० पकडून खूण केली, नंतर पकडलेल्या ५० पैकी १० खुणेचे निघाले, तर एकूण अंदाजे २००. वाघाला खूण करायची गरज नाही, पट्टे हीच त्याची खूण, म्हणून कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा.

सड्यावर सुट्या दगडांखालीही बघावं लागतं. देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर), विंचू, पाली, फुरसं, बरंच काही त्या ओलसर सावलीत राहतं. दगड आपल्याकडे ओढून उचलायचा, म्हणजे आत फुरसं असलं तर मध्ये दगड राहतो, नोंद झाली की आधी प्राण्याला बाजूला जाऊ द्यायचं आणि मग दगड होता तसाच, त्याच बाजूनं, त्याच खाचेत बसवायचा. उलटा टाकलेला दगड खालून वाळतो आणि ते घर गेलेलं असतं.