बर्फाने सोडलेलं पाणी: ग्लेशियर बेच्या परवान्यामागची गोष्ट

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान आहे. जून ते ऑगस्ट या काळात स्वतःची मोटरबोट घेऊन तिथे जायचं तर परवाना लागतो. त्याला पैसे पडत नाहीत, पण एका वेळी खाडीत २५ च खासगी बोटी आणि मुक्काम जास्तीत जास्त ७ दिवस. खाडीच्या तोंडाशी आलं की रेडिओवरून बार्टलेट कोव्हच्या ठाण्याला कळवायचं, तिथे थांबून नियम समजून घ्यायचे, मग पुढे. कयाक वल्हवणाऱ्याला बोटीचा हा परवाना लागत नाही. सुमारे १३,००० चौरस किलोमीटरच्या उद्यानात पंचवीसच बोटी, म्हणजे पहिल्यांदा ऐकताना कद्रूपणाच वाटतो.

त्यातून ही खाडी काही फार जुनी नाही. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले जोसेफ व्हिडबी होड्यांतून किनारा मोजत इथे आले, तेव्हा जेमतेम ८ किलोमीटर आत गेलेलं पाणी आणि त्यामागे बर्फाची भिंत, एवढंच त्यांना दिसलं. १८७९ च्या ऑक्टोबरात निसर्गलेखक जॉन म्यूर आले ते ट्लिंगिट या इथल्या मूळ रहिवाशांच्या डोंगीतून. होडीचे कप्तान टोयाटे आणि सोबत मिशनरी एस. हॉल यंग. तोवर बर्फ ५० किलोमीटरहून जास्त मागे सरकला होता आणि १९१६ पर्यंत ग्रँड पॅसिफिक हिमनदी खाडीच्या तोंडापासून तब्बल १०५ किलोमीटर आत गेली. आज ज्या पाण्यावर बोट नांगरून लोक चहा करतात, ते व्हँकुव्हरच्या नकाशात बर्फच आहे.

अर्थात व्हिडबींना दिसलेलं चित्रही मूळचं नव्हे. त्याआधी इथे हूना ट्लिंगिटांची वस्ती होती. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकत आली आणि घरं सोडून त्यांना निघावं लागलं. पुढे ते सामुद्रधुनीपलीकडे हूना गावात स्थिरावले. या खाडीला त्यांच्या भाषेत जे नाव आहे, त्याचा अर्थच ‘हिमनदीच्या जागी झालेली खाडी’ असा. सगळा भूगोल एका नावात आला.

म्यूरच्या लेखनाने खाडीचा बोलबाला झाला. १८८३ मध्ये कप्तान जेम्स कॅरल यांनी ‘आयडाहो’ ही आगबोट आत आणली आणि म्यूर हिमनदी बघायला पर्यटकांची रीघ लागली. सप्टेंबर १८९९ च्या भूकंपाने ती हिमनदी इतकी फुटली की पाणी हिमनगांनी गच्च भरलं आणि आगबोटींना पुढची कित्येक वर्षं जवळ जाता येईना. मग आले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कूपर. बर्फ उठलेल्या उघड्या खडकावर आधी काय उगवतं, मग काय, हे पाहण्यासाठी १९१६ मध्ये त्यांनी जमिनीचे छोटे चौकोन आखले. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या पाठपुराव्याने फेब्रुवारी १९२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांनी इथे राष्ट्रीय स्मारक, म्हणजे एक प्रकारचं संरक्षित क्षेत्र, जाहीर केलं. १९८० मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं.

बोटींवर बंधनं आली ती मात्र हिमनद्यांमुळे नव्हे, देवमाशांमुळे. हम्पबॅक देवमासे उन्हाळ्यात खायला या खाडीत येतात. १९७८ च्या हंगामात त्यातले बरेच अचानक निघून गेले. बोटींच्या आवाजाने की खाद्य कमी झाल्याने, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. उद्यानाने वाद मिटायची वाट पाहिली नाही, हे मला शहाणपणाचं वाटतं. १९८० च्या सुमारास तात्पुरते नियम आले, १९८५ मध्ये ते पक्के झाले. खासगी बोटींची मर्यादा त्यातलीच. क्रूझ जहाजांनाही दिवसाला दोनचीच मुभा. हम्पबॅकपासून पाव सागरी मैल, म्हणजे साधारण ४६० मीटर, लांब राहायचं. बार्टलेट कोव्हला ‘स्नो’ नावाच्या मादीचा सांगाडा मांडलाय, १४ मीटरच्या आसपास लांब. २००१ मध्ये क्रूझ जहाजाच्या धडकेत ती मेली. नियम ऐकून बाहेर पडणाऱ्याला हा सांगाडा पाहिल्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही.

सीलसाठी खाडीचा जॉन्स हॉपकिन्स फाटा मे-जूनमध्ये सगळ्याच बोटींना बंद असतो, कारण तिथल्या हिमनगांवर माद्या पिल्लं घालतात. नंतर तिथे इंजिन बंद करून बसलं, की बोटीभोवतीचे बर्फाचे तुकडे तडतडताना ऐकू येतात. शतकानुशतकं कोंडलेली हवा बुडबुड्यांतून सुटत असते. अंगावरचा बर्फाचा भार उतरल्याने खाडीलगतची जमीनही वर येतेय, बार्टलेट कोव्हच्या बाजूला वर्षाला जवळजवळ ३ सेंटिमीटर. त्यामुळे उथळ जागी जुन्या सागरी नकाशातल्या खोलीवर विसंबून चालत नाही.

हूना लोकांची परतीची वाट याहून लांबली. स्मारक जाहीर झाल्यानंतरच्या काळात पूर्वापार चालत आलेलं गल पक्ष्यांची अंडी गोळा करणंही बेकायदा ठरलं होतं. त्याला पुन्हा मुभा देणारा कायदा २०१४ मध्ये झाला. २५ ऑगस्ट २०१६ रोजी बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर त्यांच्या कुळांचं सामायिक घर उघडलं. त्या दिवशी हूनाहून माणसं आली ती डोंग्या वल्हवत.