लेकराला गुणाकार कळतो कसा?
मणी-पेटी घेणाऱ्या पालकांसाठी माहिती

पेटी घेताना आमच्या लातूरच्या दुकानात बहुतेक पालक विचारतात, ‘यानं पाढे पाठ होतील का?’ होतील. पण ही पेटी आम्ही पाढ्याच्या आधीच्या कामासाठी बनवली आहे. ‘चार त्रिक बारा’ धडाधड म्हणणाऱ्या लेकरापुढे तीन ताटल्यांत चार-चार मणी ठेवा. पुष्कळ लेकरं एकापासून मोजायला लागतात. पाढा तोंडात असतो, समोरच्या मण्यांशी त्याची गाठ पडलेली नसते.

समज मात्र शाळेच्या आधीच सुरू होते. पंगतीत प्रत्येक ताटात दोन-दोन भाकरी वाढणारं पाच-सहा वर्षांचं लेकरू ‘एकाला दोन’ हे नातं सांभाळतच असतं. लेकरांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ झ्याँ पियाजे आणि अलिना शेमिन्स्का यांनी १९४१ साली छापलेल्या पुस्तकात फुलं आणि फुलदाण्या घेऊन लेकरांची हीच समज तपासली होती.

खरी अवघड पायरी पुढे आहे. आधी लेकरू बाराही मणी एकेक करून मोजतं. मग ‘चार’ म्हणून पाच, सहा, सात असं पुढे जातं. आणि एक दिवस ‘चार, आठ, बारा’ म्हणतं. दिसायला फक्त वेग वाढला, पण डोक्यात मोठी गोष्ट घडलेली असते: चार मण्यांची ताटली आता त्याच्यासाठी एक वस्तू झाली. तोंडानं मणी मोजायचे आणि बोटांवर ताटल्या, अशा दोन मोजण्या एकाच वेळी चालतात. इथं लेकरू अडखळतं. अडखळू द्या, उत्तर सांगू नका. ‘किती ताटल्या झाल्या?’ एवढंच विचारा.

हे जमलं की पेटीतली खाचांची पाटी काढा. चारच्या तीन ओळी लावा आणि पाटी आडवी फिरवा: तीनच्या चार ओळी! एकही मणी हलला नाही. ताटल्यांमध्ये हे इतकं सहज दिसत नाही, म्हणून पाटी दिली आहे. अंड्यांचा तीसचा ट्रे, मोसंबीच्या बागेतल्या झाडांच्या रांगा, सगळीकडे हीच मांडणी सापडेल. पुढे सहाच्या सात ओळी लावून पाच ओळींखाली दोरा ठेवा. सहा पंचे तीस, सहा दुणे बारा, मिळून बेचाळीस. ‘सहा साती’ विसरलेलं लेकरू असं स्वतः उत्तर काढतं, तेव्हा त्याचा चेहरा बघा.

गुणाकार म्हणजे तीच संख्या पुन्हा पुन्हा मिळवणं, एवढ्यावर थांबू नका. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, तर तीन वाट्यांना किती? ‘चार’ असं उत्तर येईल, कारण लेकरू ‘एक जास्त’ धरून चालतं. रागावू नका. प्रत्येक वाटी तांदळाशेजारी पाण्याच्या दोन वाट्या मांडायला लावा. ‘पट’ हा विचार यायला वेळ लागतो, काहींना चौथी-पाचवीपर्यंत.

पाढे जरूर म्हणून घ्या. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी-निमकीही (पाव आणि अर्ध्याचे पाढे) पाठ असायची आणि बाजारात ती रोज कामी यायची. फक्त मणी मांडणं आधी, पाठांतर मागून.

तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर मणी उंचावर ठेवा, तोंडात जातात. हरवले तर सुटे मणी दुकानात मिळतात.