बाहेरचं नव्हे, आतलंच

"आमची पोरगी आता आमची राहिलीच नाही हो, बाहेरचं काहीतरी आहे." हे वाक्य मी गावाकडे दोनदा ऐकलंय. दोन्ही वेळा तरुण मुलींबद्दल, आणि दोन्ही वेळा डॉक्टरच्या आधी देवऋषी गाठला होता. पुढे मेंदूच्या एका आजाराबद्दल वाचलं आणि हे वाक्य परत डोक्यात घुमायला लागलं, कारण त्यातला पहिला अर्धा भाग घरच्यांनी अगदी बरोबर ओळखलेला असतो, चुकतं ते दुसऱ्या अर्ध्यात.

आजार साधारण असा सुरू होतो. विशी-बाविशीतली हसतीखेळती मुलगी, चार दिवस ताप नि डोकेदुखी, घरचे म्हणतात व्हायरल असेल. मग झोप उडते, संशय घ्यायला लागते, लोक माझ्या वाईटावर आहेत म्हणते, मध्येच किंचाळते, नसलेले आवाज ऐकू येतात. मग बोलणं कमी होत होत बंदच होतं. तोंड आणि जीभ आपोआप हलत राहतात, हात उचलून ठेवला तर तसाच हवेत राहतो, फिट्स येतात, आणि शेवटी श्वास, नाडी, बीपी सांभाळायला आयसीयू. एमआरआय पुष्कळदा नॉर्मल असतो! हे सगळं डोळ्यांदेखत बघणाऱ्या आईला झपाटल्यासारखं वाटलं तर तिला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

या आजाराचं कोडं तेव्हा अमेरिकेत काम करणाऱ्या जोसेप दाल्माऊ या न्यूरोलॉजिस्टनं आणि त्याच्या टीमनं २००७ साली सोडवलं. बारा बायकांच्या केसेस होत्या आणि सगळ्यांच्या शरीरात टेराटोमा जातीची गाठ होती, बहुतेकींच्या अंडाशयात. टेराटोमा ही विलक्षण गाठ असते, तिच्यात केस, दात आणि चक्क मेंदूसारखा मज्जातंतूंचा भागही सापडतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्या गाठीतल्या मज्जापेशींना परकं समजून अँटीबॉडी बनवते आणि त्याच अँटीबॉडी मग खऱ्या मेंदूवर जाऊन पडतात. आजाराचं नाव अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, एन्सेफलायटिस म्हणजे मेंदूची सूज. गाठ प्रत्येकात असतेच असं नाही, हर्पिसच्या विषाणूमुळे मेंदूला सूज येऊन गेल्यावरही हा होतो, पुरुषांना होतो, लहान मुलांना होतो. बर्लिनच्या प्राणीसंग्रहालयातलं क्नुट नावाचं प्रसिद्ध पांढरं अस्वल २०११ मध्ये फिट येऊन पाण्यात बुडालं, त्यालाही हाच आजार होता हे २०१५ मध्ये कळलं.

आता माझा आवडता भाग. एनएमडीए रिसेप्टर म्हणजे न्यूरॉनच्या, म्हणजे मेंदूतल्या पेशीच्या, आवरणातलं एक दार, पण हट्टी दार. शेजारच्या न्यूरॉनकडून ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन आलं की ते उघडायला हवं, पण तेवढ्यानं भागत नाही, ग्लायसीन किंवा त्याच्यासारखा दुसरा रेणूही बसावा लागतो, आणि तरीही दाराच्या भोकात मॅग्नेशियमचं बूच अडकलेलं असतं. ते बूच कधी निघतं, तर ज्या न्यूरॉनला निरोप मिळतोय तो स्वतः आधीच विजेनं थोडा जागा झालेला असेल तेव्हाच. म्हणजे इकडून निरोप आणि तिकडून जाग, दोन्ही एकाच वेळी झालं तरच दार उघडतं आणि कॅल्शियम आत जातं, आणि ते कॅल्शियम त्या दोन पेशींमधला सांधा पक्का करतं. आईचा चेहरा आणि आईचा आवाज एकत्र बांधले जातात ते अशाच सांध्यांमधून.

अँटीबॉडी असते वाय आकाराची, तिला दोन हात. ती या रिसेप्टरच्या ग्लूएन१ नावाच्या भागाला धरते, एका हातानं एक रिसेप्टर, दुसऱ्या हातानं शेजारचा, असे जोडीजोडीनं बांधलेले रिसेप्टर न्यूरॉन आत ओढून घेतो. शास्त्रज्ञांनी अँटीबॉडी कापून एकहाती तुकडे करून बघितले, ते तुकडे रिसेप्टरला चिकटले तरी रिसेप्टर कमी झाले नाहीत! म्हणजे खेळ सगळा दोन हातांनी बांधण्याचा आहे. आणि न्यूरॉन मरत नाही, सांधाही जागेवर असतो, फक्त दारं कमी होतात. प्रयोगशाळेत अँटीबॉडी काढून टाकल्या तर काही दिवसांत दारं परत येतात.

ही दारं बंद झाली की 'मी'चं काय होतं याची कल्पना आपल्याला दुसरीकडूनही आहे. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात ते केटामाइन नेमकं याच दारात जाऊन अडकतं, आणि शुद्धीवर येताना काही पेशंट सांगतात की मी माझ्याच शरीराबाहेरून स्वतःला बघत होतो, हात माझे वाटत नव्हते. जे आपल्याला सगळ्यात पक्कं, सगळ्यात आपलं वाटतं ते इतक्या छोट्या बुचावर अवलंबून आहे, हे मला अजूनही अंगावर काटा आणतं.

प्रतिकारशक्तीचं एक मोठं काम म्हणजे आपलं काय आणि परकं काय ते ओळखणं. या आजारात तीच चुकते आणि माणसाचं आपलेपण जातं. म्हणून इम्युनिटी वाढवणाऱ्या काढ्यांच्या जाहिराती बघितल्या की मला चीड येते, इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती भलत्याच जागी लढत असते, आणि तिला आवरायला स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन (दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी), प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव बदलणं असले उपाय करावे लागतात. गाठ असेल तर ती काढावी लागते. तसंच प्रत्येक मानसिक आजार म्हणजे हाच, असंही कुणी सांगितलं तर ऐकू नका, हा दुर्मिळ आहे. पण आधी ताप, मग अचानक वागणं बदललं, जोडीला फिट्स किंवा विचित्र हालचाली असं असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे जा, पाठीतलं पाणी काढून अँटीबॉडीची टेस्ट होते.

आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवायच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा ठरवलाय, त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी पुण्यात खून झाला. या आजारात उपचार जितके लवकर तितकं बरं होण्याची शक्यता जास्त, धुरीत गेलेला प्रत्येक आठवडा पेशंटच्याच अंगावर येतो. २०१३ मध्येच ५७७ पेशंटचा एक मोठा अभ्यास आला, दोन वर्षांपर्यंत ज्यांचा पाठपुरावा झाला त्यातले सुमारे ८१ टक्के चांगले सावरले होते.

सावरणं बहुधा उलट्या क्रमानं होतं. आधी नाडी आणि श्वास ताळ्यावर येतात, मग हालचाली, मग बोलणं, आणि सगळ्यात शेवटी, कधीकधी कित्येक महिन्यांनी, स्वभाव. चारचौघांत कसं वागायचं, काय बोलायचं नाही, कुठे थांबायचं, हे सगळं हळूहळू परत येतं. आजारातले ते आठवडे मात्र बहुतेकांना आठवतच नाहीत. नव्या आठवणी बांधणारी दारंच तेव्हा कमी पडली होती. मग घरी आल्यावर मुलगी विचारते, मी काय काय केलं गं तेव्हा, आणि आई थोडं सांगते, थोडं गाळते.