पार्श्वभूमी : अशक्तपणातली शक्ती आणि शरणपूर

आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाचं बायबलमधलं करिंथकरांना दुसरं पत्र इसवी सन ५५-५६ च्या सुमाराचं. शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारी व्यथा, काढून टाक, अशी त्याने देवाला तीनदा विनवणी केली. काटा राहिला आणि माझी कृपा पुरेशी आहे, माझी शक्ती अशक्तपणातच पूर्ण होते, एवढंच उत्तर मिळालं. पुढचे हुतात्मे, मठ आणि १५१८ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने मांडलेलं क्रूसाचं ईश्वरज्ञान (देव वैभवात नव्हे, क्रूसावरच्या दुःखात ओळखावा हा विचार) ओलांडून थेट एकोणिसाव्या शतकातल्या नाशिकला येऊ. या शिकवणीची खरी कसोटी इथे लागली, असं माझं मत आहे.

बाप्तिस्मा घेणाऱ्याचं घर त्या काळी एका दिवसात सुटायचं. १८५० च्या कायद्याने वारसाहक्क कागदावर शाबूत राहिला, पण पाणवठा, पंगत आणि सोयरीक कायद्याने परत मिळत नव्हती. म्हणून शहराबाहेर चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनने शरणपूर वसवलं : शाळा, प्रार्थनामंदिर, सुतारकाम-लोहारकामाचे कारखाने. तिथेच आफ्रिकी मुलंही आली. ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गुलामवाहू गलबतांतून सोडवलेली ही मुलं. ना आईबाप, ना गाव. जुनं नावही बहुतेकांचं गेलेलं. दुबळ्यांना देव निवडतो, या प्रवचनाला याहून बोलका दाखला कुठला?

त्यांच्यातली काही मोठी झाल्यावर मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या आफ्रिकेतल्या मोहिमांत गेली. १८७३ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचं शव महिनोन्‌महिने चालत किनाऱ्याला आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेले तरुण होते. दफनविधीची प्रार्थना त्यांच्यापैकीच एकाने, जेकब वेनराइटने, वाचली, आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या अंत्ययात्रेत शवपेटीला हातही त्यानेच लावला.

वादाचा निर्णय यानंतरचा. १८७४-७५ मध्ये मिशनने नाशिकच्या आफ्रिकी ख्रिस्ती लोकांना पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाजवळ नव्या वसाहतीत नेलं. बाजू घेणारे म्हणतात, मुक्त झालेल्यांनीच नव्याने मुक्त होणाऱ्यांना सांभाळावं, यात गैर काय? मुद्दा बिनतोड वाटतो. पण यातले कितीतरी जण लहानपणापासून नाशिकच्या हवेत वाढलेले. भाषा, कपडे, सवयी सगळं मोंबासाला परकं. तिथल्यांना ते आपले वाटेनात आणि गोऱ्या मिशनऱ्यांना बरोबरीचे वाटेनात. शिकवायचं, दुभाषेपण करायचं, वस्ती उभारायची त्यांनी. अधिकार मात्र दुसऱ्यांकडे. त्यांच्यातल्या दोघांना धर्मसेवकाची दीक्षा मिळाली ती १८८५ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. बळ दुबळेपणात असतं हे ज्यांना शिकवलं, त्यांना बळाची जागा द्यायची वेळ आली तेव्हा शिकवणाऱ्यांचाच हात आखडला. नाशिकच्या मिशन-इतिहासात शवयात्रेची गोष्ट रंगवून सांगतात, ही सांगत नाहीत.

मराठी ख्रिस्ती मनाने या शिकवणीला स्वतःचा सूर दिला तो पुढच्या पिढीत. नाशिकला शिकलेल्या आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी तुकोबांचा हात धरून ख्रिस्त गाठला. १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला. दुबळेपण त्यांनी अंगावर ओढून घेतलं, हा मोठा फरक. मात्र लहानपण मागणारे तुकोबा आणि काटा काढ म्हणणारा पौल एकच आहेत, असं सरसकट सांगतात ते पटत नाही. टिळकांची पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरची. नवऱ्याच्या धर्मांतराने आधी ती कोलमडली आणि पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या पायांनी ख्रिस्ती धर्मात आली. आपल्या भित्रेपणावर हसत तिने लिहिलेलं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र या विषयावरच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा सरस आहे.

अलीकडे या विचाराला जोर आला तो बाहेरून. दुःख सोसणारा देवच मदत करू शकतो, हे १९४४ मध्ये नाझींच्या तुरुंगातून लिहिणारा जर्मन पाळक डीट्रिश बॉनहॉफर पुढच्याच वर्षी फासावर गेला. १९६४ मध्ये फ्रान्समध्ये मतिमंद व्यक्तींसोबत राहण्याचं ‘लार्श’ नावाचं घर सुरू झालं आणि अशी घरं भारतापर्यंत पोचली. त्यांचा संस्थापक जाँ व्हानिए याची पुस्तकं आध्यात्मिक शिबिरांत आदराने वाचली जात. तो वारल्यानंतर, २०२० च्या चौकशी अहवालात, त्याने आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं संस्थेनेच जाहीर केलं. घरं सुरू राहिली. ती उभी होती तिथे राहणाऱ्यांच्या जोरावर.