शाईने खाल्लेला कागद आणि दीड शतक न वाजलेला पियानो

१८१८ साली बीथोव्हेनने व्हिएन्नाहून लंडनला, आपला शिष्य फर्डिनांड रीस याला एक पत्र लिहिले. पॉटर नावाचा तरुण आपल्याला भेटून गेला, माणूस चांगला आहे आणि त्याला रचनेचे अंग आहे, असे त्यात म्हटले आहे. हा सिप्रियानी पॉटर पुढे १८३२ ते १८५९ या काळात लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकचा प्राचार्य होता. बीथोव्हेनचे काही पियानो कॉन्चेर्टो इंग्लंडमध्ये पहिल्यांदा वाजवले तेही त्यानेच. कॉन्चेर्टो म्हणजे एक पियानो आणि सबंध वाद्यवृंद यांच्यातली, बहुधा तीन भागांची मोठी रचना. पॉटरने स्वतःही कॉन्चेर्टो लिहिले: १८३२ चा डी मायनर पट्टीतला, १८३५ चा ई मेजर पट्टीतला. ते छापले गेले नाहीत. पियानोवादक हॉवर्ड शेली यांनी टास्मानियन सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत हायपेरियन या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीसाठी ते ध्वनिमुद्रित केले, तेव्हा शाई वाळून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली होती.

छापले का नाहीत, याचे उत्तर रोकडे आहे. वाद्यवृंदाचा पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेली प्रत, छापणे महाग होते आणि गिऱ्हाईक मूठभर. घरोघरी पियानो होते, त्यामुळे विकली जात ती गाणी आणि एकट्याने वाजवायचे तुकडे. शिवाय कॉन्चेर्टो हा बहुधा रचनाकाराने स्वतः मैफलीत वाजवायचा ऐवज. तो थकला की हस्तलिखितही कपाटात जाई. मग एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडला संगीतच नव्हते, असे जर्मनीतून हिणवले गेले आणि ते इंग्रजांनीही मानून घेतले. न ऐकलेल्या संगीतावर निकाल दिला गेला, ही गोष्ट मला फार खटकते.

निकाल बदलायचा तर आधी कागद वाचता आला पाहिजे, आणि तिथे रसायनशास्त्र आडवे येते. त्या काळची नेहमीची शाई मायफळ आणि हिराकस यांची. बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ: ओकच्या झाडावर एक बारीक गांधीलमाशी अंडी घालते, तेव्हा फांदीवर उठणारी गाठ. तिच्यात टॅनिन भरपूर असते. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. दोन्ही पाण्यात मिसळून लिहिले की अक्षर आधी फिकट दिसते आणि हवेतल्या ऑक्सिजनने काळेभोर होते. याच क्रियेत सल्फ्युरिक आम्लही तयार होते. ते कागदातल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत राहते, आणि शाईत उरलेले लोहाचे आयन त्याच सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणाला वेग देतात. शाईभोवती आधी तपकिरी वलय उमटते, मग मागच्या पानावर डाग येतात, शेवटी कागद तिथेच तुटतो. साध्या पत्रापेक्षा संगीताच्या पानाला हा धोका मोठा, कारण भरीव स्वरचिन्हांत शाई दाट बसलेली असते. बर्लिनमधल्या बाखच्या हस्तलिखितांत नेमके असेच झाले आहे.

उपाय आहेत. एका चाचणीच्या कागदी पट्टीचा रंग किरमिजी झाला की मोकळे लोह आहे असे कळते. ते लोह बांधून टाकण्यासाठी कॅल्शियम फायटेटचे द्रावण वापरायची पद्धत १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये विकसित झाली. फायटिक आम्ल हे धान्याच्या कोंड्यात असणारे द्रव्य, ते लोहाला घट्ट धरून ठेवते. त्यानंतर कागदातले आम्ल मारायचे. पण कागद भिजवणे हेही जोखमीचेच. म्हणून संपादक बहुतेक वेळा प्रतिमांवर काम करतात. अवरक्त प्रकाशात मायफळाची शाई हळूहळू दिसेनाशी होते, काजळीची शाई काळीच राहते. एकावर एक दोन शायांचे थर असतील तर ते असे वेगळे करता येतात. क्ष-किरणांनी तर २०१३ साली कमालच केली. केरुबिनी या रचनाकाराच्या १७९७ च्या एका ऑपेरातल्या शेवटच्या गाण्याचा काही भाग काजळीने झाकला गेला होता. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत क्ष-किरण टाकल्यावर हाताने लिहिलेल्या स्वरांतले लोह चमकले आणि छापील पंचरेषांतले जस्तही. स्वर कोणत्या रेषेवर आहे ते त्यामुळे वाचता आले.

यानंतरचे काम यंत्राचे नाही, चिकाटीचे आहे. कागद उजेडासमोर धरला तर पुष्कळ इंग्रजी कागदांत गिरणीच्या नावाबरोबर वर्षही दिसते. संगीत त्या वर्षाच्या आधीचे नाही, एवढे त्यावरून नक्की होते. १८३० च्या सुमारास बऱ्याच हॉर्नना, म्हणजे त्या पितळी फुंकवाद्यांना, झडपा नव्हत्या. पट्टी बदलायची तर वादक वाद्यातली वळणदार नळी काढून दुसरी बसवी. त्यासाठी रचनाकाराने ठेवलेली विश्रांती ओळखता आली नाही, तर संपादक ती मात्रांची चूक समजून ‘दुरुस्त’ करून बसेल. वादकांच्या सुट्या प्रती सापडल्या तर त्यांवरच्या पेन्सिलीच्या खुणा सोन्याच्या मोलाच्या असतात. मूळ स्कोअरमध्ये काय चुकले होते, ते मैफलीत वाजवणाऱ्यांनी तिथेच सुधारलेले असते. सगळ्यांत अवघड ती पियानोचीच ओळ, कारण जे आपल्याच बोटांत आहे ते कागदावर पूर्ण उतरवायची रचनाकाराला निकड नसे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पानावर लिहिलेली नसते: स्वर किती उंच लावायचा. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीचा ए हा स्वर १८१३ साली सुमारे ४२३.५ हर्ट्झ होता. शतकाच्या मध्यानंतर तो ४५२ च्या वर गेला, म्हणजे अर्ध्या स्वराहून थोडा अधिक चढला. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा त्याच तारेवर ताण सुमारे १४ टक्के जास्त. १८९६ मध्ये सोसायटीने ४३९ ठरवला, त्यामागचे कारण मौजेचे आहे. फ्रान्सचे प्रमाण १५ अंश सेल्सियसला ४३५ होते. गरम सभागृहात हवेतला ध्वनीचा वेग वाढतो आणि फुंकवाद्ये चढतात, असा हिशेब सोसायटीने मांडला होता. आजचे ध्वनिमुद्रण साधारण ४४० वर होते आणि पियानोही आजचा, ओतीव लोखंडी चौकटीचा, जवळजवळ २० टन ताण पेलणारा. पॉटरच्या काळच्या पियानोचा नाद लवकर विरे, म्हणून डाव्या हातातले खर्जातले दाट स्वरसमूह सुटे ऐकू येत. आजच्या पियानोवर तेच गढूळ होतात. चांगला वादक तिथे नाद लांबवणारे पेडल हात राखून वापरतो.

ह्यूबर्ट पॅरीचा कॉन्चेर्टो मला या सगळ्यांत अधिक जवळचा. ३ एप्रिल १८८० रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एडवर्ड डॅनरॉयटरने तो पहिल्यांदा वाजवला. पट्टी एफ शार्प मेजर. आपल्या भाषेत षड्ज काळी तीन आणि सप्तक बिलावलचे. पियानोवर हात छान बसतो, कारण पाच काळ्या पट्ट्या सप्तकात येतात. पण व्हायोलिनच्या मोकळ्या तारा आहेत जी, डी, ए, ई, आणि व्हायोला व चेलोची खालची तार सी. यांतला एकही स्वर या सप्तकात नाही! मोकळ्या तारा एरवी सतारीच्या तरफांसारख्या आपोआप झंकारतात आणि नादाला उजाळा देतात. इथे ती मदत फारशी मिळत नाही, वादकाला प्रत्येक स्वर बोट दाबूनच काढावा लागतो. तंतुवाद्यांवर आलेली ती किंचित झाकोळ आणि वर लखलखणारा पियानो, हा फरक भौतिकशास्त्राने दिलेला आहे आणि पॅरीने तो कामी लावला, असे मला वाटते. हायपेरियनसाठी तो पियर्स लेन यांनी वाजवला, संचालन मार्टिन ब्रॅबिन्स यांचे. मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यात संचालन करणारे ब्रॅबिन्स ते हेच.

ऐकायला सुरुवात मात्र पॉटरच्या शिष्यापासून करावी. विल्यम स्टर्नडेल बेनेटने सोळाव्या वर्षी पहिला कॉन्चेर्टो लिहिला. तो ऐकून जर्मन रचनाकार मेंडेल्सनने त्याला जर्मनीला बोलावले, आणि शिष्य म्हणून नको, मित्र म्हणून ये, असे सांगितले. १८३६ मध्ये बेनेटने एफ मायनरमध्ये एक कॉन्चेर्टो लिहिला आणि तो न छापता बाजूला ठेवला. दोन वर्षांनी त्याच पट्टीत दुसरा लिहिला, तो छापून नावाजला गेला. बाजूला ठेवलेला हस्तलिखितावरून उभा राहिला आणि माल्कम बिन्स यांनी तो ध्वनिमुद्रित केला. आधी १८३६ चा ऐका, मग १८३८ चा. दुसऱ्याच्या मधल्या भागात नावाड्याच्या गाण्याची संथ लय आहे. आधी लिहिलेला संथ भाग काढून बेनेटने तो नंतर घातला.